सुतारांचे फ्रेंच भाऊबंद

कराड,
भाऊबीज

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. ‘काका, शार्पांतिए म्हणजे फ्रेंचमध्ये सुतार! नोबेल आपल्या भावकीत आलं आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही.’ काकूला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, मग पेढे कुणी खाल्ले? शेवटी तू हळूच विचारलंयस, की पहिला शोधनिबंध छापायला जातोय, लग्न मार्गशीर्षात आहे, तर नाव कुठलं घालू? फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण निवृत्त मास्तराच्या हाती विषय दिलास, आता भोग आपल्या कर्माची फळं.

गेले पंधरा दिवस मी शार्पांतिए गोळा करतोय. आधी शब्दाचंच बघ. आपलं आडनाव लाकडावरून आलेलं नाही, सुतावरून आलंय. सूत्रधार, म्हणजे दोरी धरणारा. आजोबा रंगात भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून चटकन सोडायचे आणि लांबच लांब सरळ रेघ उमटायची, ते तुला आठवत नसेल. नाटकातला सूत्रधार हा तोच शब्द. फ्रेंच मंडळींचा शब्द मात्र गाडीवरून निघाला. लॅटिनमध्ये कार्पेंतुम म्हणजे दोन चाकांची गाडी, ती करणारा कार्पेंतारियुस. पुढे अर्थ सरकला आणि छपराचा लाकडी सांगाडा उभा करणारा तो शार्पांतिए झाला. दारं-खिडक्या करणाऱ्याला तिकडे वेगळं नाव आहे. आपल्याकडे नांगरापासून देव्हाऱ्यापर्यंत एकच माणूस. बाभळीचा तुंबा, त्यात आरे, वर पुठ्ठे बसवून आजोबांनी जन्मभर बैलगाड्यांची चाकं केली. मूळ अर्थानं बघायला गेलं तर खरे शार्पांतिए तेच.

तुझ्या इमॅन्युएल शार्पांतिए यांच्याबद्दल मी तुला काय सांगणार! घसा बिघडवणाऱ्या एका जंतूचा अभ्यास करताना त्यांना आरएनएचा एक छोटा तुकडा सापडला, तो २०११ मध्ये छापून आला, पुढच्या वर्षी जेनिफर डाउडना यांच्याबरोबरचा निबंध आला आणि २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल, एवढं मला कळलं. तक्रार एकच. या शोधातून निघालेल्या तंत्राला जो तो ‘जनुकीय कात्री’ म्हणतो. कापायचं काम कोणीही करील गं. कुठे कापायचं ती खूण करणं ही कारागिरी. तिथे प्रथिन कापतं, पण त्याला जागेवर नेतो तो आरएनएचा धागा. म्हणजे इथेही सूतच. आणि आपल्या पाठ्यपुस्तकात शब्द आहे गुणसूत्र! वर्गात तीस वर्षं शिकवला, कधी लक्षात आलं नाही.

आता एक गोष्ट ऐक. झां द शार्पांतिए हा गृहस्थ १७८६ साली सॅक्सनीत जन्मला आणि स्वित्झर्लंडमध्ये बे इथल्या मिठाच्या खाणींचा कारभारी झाला. तिकडे दऱ्यांतून मोठमोठ्या शिळा पडलेल्या असतात, आसपासच्या डोंगराशी दगड जुळत नाही असल्या. विद्वान म्हणायचे, महापुरानं वाहून आणल्या. १८१५ मध्ये हा एका डोंगरी शिकाऱ्याच्या झोपडीत रात्री मुक्कामाला होता. पेरोदँ त्याचं नाव. तो म्हणाला, पूर्वी आमची हिमनदी पार खालपर्यंत होती, ह्या शिळा तिनेच आणल्यात, पाण्याची काय बिशाद! शार्पांतिएला हे इतकं विचित्र वाटलं, की तपासायच्याही लायकीचं नाही म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढे व्हेनेट्झ नावाच्या इंजिनिअर मित्रानं तेच मांडलं तेव्हा तो ते खोडून काढायला म्हणून डोंगर हिंडला, आणि हिंडता हिंडता स्वतःच पटवून घेऊन परत आला. १८३४ मध्ये लुसर्नच्या सभेत निबंध वाचायला निघाला असताना वाटेत एक लाकूडतोड्या भेटला. रस्त्याकडेची ग्रॅनाइटची शिळा हा न्याहाळत होता, तर तो गडी सहज म्हणाला, ही ग्रिम्सेलची, हिमनदीनं आणली, पूर्वी ती थेट बर्नपर्यंत होती. शार्पांतिएनं त्याला खुशीनं प्यायला पैसे दिले. अगासी हा मोठा शास्त्रज्ञ १८३६ च्या उन्हाळ्यात बेला आला, याच्याबरोबर फिरला, याच्यामुळे त्याचं मत फिरलं, आणि १८४० मध्ये पुस्तक आधी त्याचं आलं. शार्पांतिएचं १८४१ मध्ये. हिमयुग म्हटलं की नाव निघतं अगासीचं. मला शार्पांतिएची हळहळ वाटते, पण तिच्याहून जास्त त्या लाकूडतोड्याची. त्याचं तर नावही कुणी टिपून ठेवलं नाही.

मार्क-आंत्वान शार्पांतिए (१६४३–१७०४) पॅरिसचा संगीतकार. रोममध्ये शिकून आलेला, गुणी, पण राजाच्या दरबारात लुली या संगीतकाराचा असा दबदबा, की इतर नाटकमंडळींनी किती गायक-वादक वापरायचे यावरसुद्धा त्याच्या हक्कानं मर्यादा घातलेली. लुलीशी बिनसल्यावर नाटककार मोलिएरनं याला बोलावलं. १६७३ मधलं ‘काल्पनिक रोगी’चं संगीत याचंच, चौथ्या प्रयोगानंतर मोलिएर गेला. शार्पांतिएनं स्वतःच्या मृत्युलेखाला स्वतःच चाल लावली, त्यात त्याचं भूत येऊन बोलतं, आणि नाव लॅटिनमध्ये, कार्पेंतारियुस! त्याच्या हस्तलिखितांचे २८ खंड पुतण्यानं १७२७ मध्ये राजाच्या ग्रंथालयाला विकले. तिथे ते राहिले म्हणून वाचले. त्याच्या ‘ते देउम’ची सुरुवात १९५३ मध्ये एका संगीत-अभ्यासकाच्या हाती लागली आणि युरोपच्या दूरचित्रवाणीनं ती युरोव्हिजनची खूण म्हणून घेतली. कोट्यवधी लोक ती धून ओळखतात. कुणाची, ते विचारून बघ.

गुस्ताव शार्पांतिए त्यामानानं सुखी. पाववाल्याचा मुलगा, १९०० मध्ये शिवणकाम करणाऱ्या पोरीवर ‘लुईझ’ नावाचा ऑपेरा लिहिला, तो तुफान चालला, आणि नंतर कामगार मुलींसाठी त्यानं फुकट संगीतशाळा काढली. मनापासून आवडला मला हा.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते कॉन्स्टांस शार्पांतिएकडे आहे. चित्रकार, १७६७ चा जन्म. माहेरचं आडनाव ब्लोंदल्यू, शार्पांतिए हे सासरचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९१७ मध्ये एक चित्र आलं. पांढऱ्या झग्यातली तरुणी, मांडीवर चित्राचा फलक, मागे तडा गेलेली काच. दाविद या बड्या चित्रकाराचं म्हणून ते आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. १९५१ मध्ये एका जाणकारानं सांगितलं, हे दाविदचं नव्हे, बहुधा कॉन्स्टांसबाईंचं. तेही ठीक. पण त्याच दमात त्याला त्या चित्रात झाकलेल्या उणिवा आणि ‘बायकी’ वृत्तीही दिसायला लागली! कॅनव्हास तोच, रंग तेच. नंतर तेही श्रेय गेलं. आता ते मारी-दनीज विलेर या दुसऱ्याच बाईंच्या नावावर आहे. म्हणून सांगतो, सुतार लाव नाहीतर सासरचं, मला राग नाही. पण जे या निबंधावर टाकशील तेच पुढच्या प्रत्येकावर टाक. आणि जाहीर लिहायचं म्हणून नव्हे, काका म्हणून विचारशील तर सुतारच ठेव. आजोबांनी सही कशावरच केली नाही. गाडीला कोण सही करतो?

एक शार्पांतिए राहिला. ओग्युस्तँ, नॅन्सी शहरातला डॉक्टर. १८९१ मध्ये त्यानं दाखवलं, की सारख्याच वजनाच्या दोन वस्तू घेतल्या, एक लहान नि एक मोठी, तर हाताला लहान जड वाटते. आपली जाणीव कशी चकवते हे सिद्ध केलेला माणूस. १९०३ मध्ये त्याच गावातल्या ब्लोंदलो या पदार्थवैज्ञानिकानं ‘एन-किरण’ सापडल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत मिणमिणता ठिपका किंचित उजळतो, तो डोळ्यांनी टिपायचा, हाच पुरावा. आमचे डॉक्टर पुढे सरसावून म्हणाले, हे किरण माणसाच्या स्नायूंतून आणि मज्जातंतूंतूनही निघतात! १९०४ मध्ये रॉबर्ट वुड नावाचा अमेरिकन नॅन्सीला आला, काळोखात त्यानं यंत्रातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी बघणाऱ्यांना किरण दिसतच राहिले. संपला कारभार. ब्लोंदलोवर हसणं सोपं आहे. मला राहून राहून डॉक्टर आठवतात. तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या हातांची फसगत मोजून मांडणारा हा माणूस स्वतःचे डोळे मोजायला विसरला.

काकूचे आशीर्वाद. पत्रिका छापायच्या आधी मजकूर मला दाखव, ऱ्हस्व-दीर्घ बघून देतो.

तुझा,
काका

ता. क. डॉक्टरांचा प्रयोग घरी केला. मेतकुटाची डबी आणि बिस्किटांचा मोठा डबा, दोन्हींत वाळू भरून किराणा दुकानातल्या काट्यावर अगदी सारखी केली. काकू म्हणते डबी जड. काटा दाखवला तरी म्हणते डबी जड. मीही उचलतो तेव्हा डबीच जड लागते. दोन्ही फळीवर ठेवलीत. आलीस की बघ.