उरलासुरला वेळ

मराठी ख्रिस्ती मंडळींत एक वाक्य फार चलनात आहे: देव मन बघतो. वाक्य खोटं नाही. इशायाच्या घरी राजा शोधायला गेलेल्या शमुवेलाला हाच धडा मिळाला होता. पण आपण ते काढतो कधी? गायन मंडळाचा सूर पेटीला सोडून भलतीकडे गेला की. शब्बाथ शाळेची ताई गोष्ट न वाचताच वर्गात आली की. उपदेश गेल्या वर्षीचाच निघाला की. मी स्वतः गायन मंडळात बसतो, त्यामुळे हे वाक्य किती कामाला येतं ते मला चांगलं माहीत आहे.

जुन्या कराराच्या अगदी शेवटी मलाखीचं चार अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. त्याच्या काळातले लोक वेदीवर आंधळी, लंगडी, आजारी जनावरं आणून बांधत. मलाखी त्यांना सरळ विचारतो, हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो खूश होतो का बघू. संदेष्ट्यांच्या रागात असा खोचकपणा क्वचितच भेटतो. आता जनावरं कोणी आणत नाही, आपण वेळ आणतो. तोही ऑफिस, क्लास, मालिका, मोबाईल यांच्या तावडीतून सुटून आलेला, लंगडत. साहेबापुढच्या प्रेझेंटेशनला चार रात्री जागणारा माणूस शास्त्रपाठाचा उतारा व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना शोधतो आणि 'नबुखद्नेस्सर'पाशी अडखळतो.

वेळ देणं म्हणजे काय, हे बघायचं तर मी केडगावकडे बघतो. पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की लोकांना शारदा सदन आठवतं, १८८९ साल आठवतं, पुण्यातला वाद आठवतो. पण आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, हे फारसं कोणी सांगत नाही. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होतंच. पण त्याची भाषा संस्कृताने जड झालेली होती, आणि रमाबाईंसमोर होत्या दुष्काळातून आलेल्या, कालपरवा अक्षरं गिरवायला लागलेल्या बाया. त्यांना समजेल असं बायबल हवं होतं. दुसऱ्या भाषांतरावरून सोपं करून देणं शक्य होतं, कोणी नावंही ठेवली नसती. रमाबाईंनी मात्र मूळ हिब्रू आणि ग्रीकचा कसून अभ्यास केला. लहानपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केलेल्या बाईला व्याकरणाचं भय नसणार, पण वय पन्नाशीकडे झुकलेलं, कानांनी ऐकू कमी येत होतं आणि भोवती शेकडो मुलीबायकांच्या जेवणाखाण्याची, औषधपाण्याची जबाबदारी होती. भाषांतर हे त्या सगळ्यातून काढलेलं काम होतं. एका गोष्टीत मात्र त्या ठाम होत्या: काम उरकायचं नाही.

ते छापलंही मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. मी उमेदीची काही वर्षं छापखान्यात काढली आहेत, म्हणून या तपशिलापाशी मी नेहमी थांबतो. देवनागरीचे खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आता संगणकावर टाईप करणाऱ्याला सांगून कळायचं नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. एकाच ओळीत वर मात्रा-वेलांटी, मध्ये अक्षर, खाली उकार असे थर जुळवावे लागतात. जोडाक्षरांचे खिळे वेगळ्या खणात. एक रफार चुकीच्या अक्षरावर बसला की शब्दाचा अर्थ फिरतो, आणि एखादा खिळा ढिला राहिला तर छापताना तो वर येऊन कागद फाडतो. एका पानाला किती वेळ लागत असेल, याचा हिशोब ज्याने खिळे जुळवायची स्टिक हातात धरली आहे त्यानेच करावा. अशी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची सहासष्ट पुस्तकं, आणि ती जुळवणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींनी पहिलं अक्षर वाचलं ते मुक्तीतच.

१९२१ साली मनोरमा, रमाबाईंची एकुलती एक मुलगी, गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात बाहेर आला.

आता यातली अवघड गोष्ट. ते भाषांतर चाललं नाही. आमच्या चर्चांमधून आजही वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. रमाबाईंचं बायबल अभ्यासकांच्या कपाटात आहे. मग एवढी वर्षं फुकट गेली का? आमच्या मंडळीत एका व्यवहारी गृहस्थांनी हे मला तोंडावर विचारलं होतं. मला हा प्रश्नच चुकीच्या दुकानात विचारलेला वाटतो. खपावर मोजायचं तर लंगडं जनावरही बाजारात विकलं जातंच. रमाबाईंनी ते काम ज्याला अर्पण केलं, त्याच्या दृष्टीने त्यात खोट राहू नये एवढीच त्यांची अट होती, आणि ती त्यांनी पाळली.

असा वेळ देणाऱ्या रमाबाई एकट्याच नव्हत्या. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. 'ख्रिस्तपुराण' छापून झालं १६१६ साली, रायतूरला. मधली सदतीस वर्षं मराठीची ओवी परक्या जिभेवर मुरवण्यात गेली. लक्ष्मीबाई टिळकांनी तर यजमान अर्ध्यावर टाकून गेलेलं 'ख्रिस्तायन' हाती घेतलं आणि चौसष्ट अध्याय लिहिले. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण आपला आवाका किती म्हणून हात झटकून मोकळी झाली नाही.

खुद्द प्रभूचं बघा. लूक सांगतो, सेवाकार्य सुरू केलं तेव्हा वय सुमारे तीस. मार्काच्या शुभवर्तमानात गावचे लोक त्याला सुतार म्हणतात. त्या वर्षांत बनवलेल्या एकाही वस्तूची शुभवर्तमानांत नोंद नाही. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर मात्र लिहून ठेवतो की तो नांगर आणि जू बनवायचा. जू नीट तासलेलं नसलं तर बैलाचा खांदा सोलवटतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. नासरेथच्या त्या दुकानातून खांदा सोलणारं जू बाहेर गेलं असेल, असं मला तरी वाटत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले, त्यात कोठाराची व्यवस्था बघणाऱ्याने मठातली सगळी भांडीकुंडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, असं कलम आहे. म्हणजे पळी आणि कुदळसुद्धा.

यावर आमच्यातले काही जण लगेच सावध होतात: तारण कृपेने आहे, कर्माने नाही. कबूल, शंभर वेळा कबूल. पण कृपा फुकट मिळाली म्हणून तिची परतफेड भंगारातून करावी, असं पौलाने कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. उलट कलस्सैकरांच्या पत्रात तो दासांनासुद्धा सांगतो की काम माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.

तेव्हा आमच्या पाळकसाहेबांना विनंती, उपदेशाची तयारी शनिवारी रात्री नको, सोमवारी सुरू करा. शास्त्रपाठ वाचणाऱ्यांनी उतारा घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं. आणि गायन मंडळाचा सराव सात म्हणजे सातला सुरू करू या, सव्वासातला चहा घेऊन नव्हे.