दीड तासाचे अंतर

पुण्याहून नागपूर किती दूर, ह्या प्रश्नास एकाहून अधिक उत्तरे आहेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे ६०० किलोमीटर. आगगाडीस मात्र दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा अशी सर्वांची विचारपूस करीत जावयाचे असल्याने तिचे तेच अंतर ८८० च्या घरात जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडीदेखील त्याला बारा तास घेते. विमान दीड तास सांगते. ह्या शेवटच्या आकड्यावर विसंबूनच आमच्यासारख्या कित्येकांनी आईबाप नागपुरास ठेवून मारुंजीस बिऱ्हाड थाटले आहे.

हा दीड तास खोटा नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरास जागेवर उभे राहीपर्यंतचा तो काळ होय. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना थोडा वेळ वाचतो आणि परतताना तोच भरून द्यावा लागतो. (आईबापांकडे जाताना वारा पाठीशी असावा, ही व्यवस्था आम्हांस तरी योग्य वाटते!) पण ह्या हिशेबात मारुंजी कोठेच नाही. आमच्या गच्चीपासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत वीसएक किलोमीटर. विमान तेवढे अंतर दोन मिनिटांत मागे टाकील. आम्हांस मात्र हिंजवडी, वाकड, औंध, येरवडा असे करीत रात्री पाऊण तास आणि कचेऱ्या सुटावयाच्या वेळी दोन तास लागतात. वाकडच्या पुलाशी संध्याकाळी उभे राहून ज्याने घड्याळ पाहिले आहे, त्यास अधिक सांगणे नको.

१९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी शेकडो कोसांवर मिळे. त्या काळी नागपूर सर्वांस सारखेच जवळ होते, निदान पत्रांस तरी.

गेल्या पौषात रात्री अकरा वाजता आईचा फोन आला, की बाबांना श्वास घेता येत नाही. पहाटेच्या विमानाचे तिकीट मिळाले. रस्ते मोकळे होते, विमान वेळेवर सुटले, वारा पाठीशी होता; कोठेही काही अडले नाही. इस्पितळाच्या खोलीत आम्ही पाऊल टाकले तेव्हा आठ वाजले होते. म्हणजे नऊ तास, आणि त्यांत आकाशाचा वाटा दीडाहून कमी.

ते नऊ तास वरच्या मजल्यावरील एका गृहस्थांनी निभावले. त्यांनीच बाबांना खाली उतरवून रिक्षात बसविले, कागदांवर सह्या केल्या, आईला चहा आणून दिला. त्यांच्या आणि बाबांच्या दारांत एका जिन्याचे अंतर आहे. आम्ही आभार मानू लागलो तो ते म्हणाले, “तुम्ही दमला असाल, बसा.” आणि कामावर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी बाबांना बोलण्याइतकी शक्ती आली. शेजारच्या खाटेवरील वृद्धांनी विचारले, “मुलगा कुठे असतो?”

“पुण्याकडे,” बाबा म्हणाले, “पण फार दूर नाही. विमानाने दीड तास.”

वृद्धांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली.