ताजा नमुना

माणदेशातला धनगर सकाळी वाघर उचलली की मेंढ्यांकडे पाहण्याआधी त्या रात्री बसल्या ती जागा पाहतो. लेंड्या सुट्या आहेत की चिकटून गोळा झाल्यात, कुठं पातळ पडलंय, कुठं बुळबुळीत दिसतंय. कळपातलं कोण आजारी आहे याची पहिली बातमी त्याला जमिनीवर मिळते. दिवाळीनंतर माण-खटावचे, आटपाडी-जतचे कळप बाहेर पडतात, तेव्हा शेतकरी याच लेंड्यांसाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. तिथं कुणी नाक मुरडत नाही.

नाक मुरडतो आम्ही. साताऱ्या-सांगलीच्या फ्लॅटांत कुत्र्यांचे वाढदिवस होतात, केक कापले जातात, पावसाळ्यात रेनकोट घातले जातात. पण आमची माया शेपटीपाशी येऊन थांबते. “उद्या सकाळची ताजी शी घेऊन या,” असं डॉक्टर म्हणाले की घर एकदम गप्प होतं. डबी कुठली द्यायची? आणि दवाखाना दहाला उघडतो, तोवर ती ठेवायची कुठं? फ्रीजचं नाव काढणाऱ्याला त्या दिवशी चहासुद्धा मिळत नाही. फ्रीजचा सल्ला मात्र बरोबर आहे. डॉक्टरांना शीत कृमींची अंडी शोधायची असतात, आणि अंकुशकृमीची अंडी उबेत एकदोन दिवसांत फुटतात आणि अळ्या बाहेर पडतात. वाळलेली, मातीत लोळलेली शी तपासणाऱ्याला फसवते.

पुढचं काम स्वयंपाकघरातल्या मिठावर चालतं. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, लिटरभर पाण्यात साधारण 360 ग्रॅम. त्यात चिमूटभर शी कालवून गाळायची, नळी काठोकाठ भरायची आणि तोंडावर काच ठेवायची. जड गाळ तळाशी बसतो, हलकी अंडी वर येऊन काचेला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली जाते. गोलकृमीचं अंडं गडद, जाड कवचाचं, खडबडीत. अंकुशकृमीचं लंबगोल, पातळ कवचाचं, आत चार-आठ पेशी स्पष्ट दिसणारं. टोक्झोकारा या गोलकृमीची मादी दिवसाला लाखभर अंडी घालते, तरी तिचं एक अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंही नसतं. त्यापुढं धनगराची नजरही चालत नाही.

त्यापुढची नजर शिकवणारी शाळा सातारा जिल्ह्यातच आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळला 1988 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं. नाना येडेमच्छिंद्रचे. ते गाव आज सांगली जिल्ह्यात असलं तरी 1942 च्या चळवळीत सातारा-सांगली हा एकच जिल्हा होता आणि नानांच्या पत्री सरकारचा दरारा दोन्हीकडे होता. तलाठ्याची नोकरी सोडून आलेल्या माणसाचं नाव गुरांच्या डॉक्टरांच्या महाविद्यालयाला असावं, हे मला फार शोभून दिसतं.

काचेवर काही दिसलं नाही म्हणून पोट स्वच्छ आहे असं मात्र नाही. टोक्झोकाराच्या अळ्या कुत्रीच्या अंगात दडून राहतात आणि गाभणपणात पिल्लांत उतरतात. अंकुशकृमी दुधातून जातो. पिल्लाचं रक्त आधी कमी होतं, अंडी नंतर दिसतात. म्हणून दोन आठवड्यांच्या पिल्लाला तपासणीची वाट न पाहता औषध पाजतात. पट्टकृमीची तर अंडी सहसा काचेवर सापडत नाहीत. त्याचे तुकडेच गुदद्वाराशी काकडीच्या बीसारखे चिकटलेले दिसतात. हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, शेपूट उचलायची तयारी लागते.

धनगराच्या कुत्र्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. मेलेल्या मेंढीचं डोकं फोडून त्यानं खाल्लं, तर मेंदूतल्या पाणफोडातून त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. कृमीची अंडी कुत्र्याच्या शीतून गवतावर जातात, गवत मेंढीच्या पोटात, आणि काही महिन्यांनी एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरू लागते. दुसरा पट्टकृमी एकायनोकॉकस. कुत्र्यातला किडा उण्यापुऱ्या अर्ध्या सेंटिमीटरचा, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काळजात आणि फुप्फुसात गाठी होतात, आणि त्या वर्षानुवर्षं वाढतात. खाटकाच्या दुकानामागं फेकलेलं गाठींचं काळीज शहरातलं कुत्रंही खातंच.

या दोन्ही कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी एकसारखी दिसतात. कितीही सराईत डोळा असो, त्यावरून एक कुठला आणि दुसरा कुठला हे सांगता येत नाही. तेव्हा डॉक्टर काच बाजूला ठेवतात आणि विचारतात, “गेल्या दोन महिन्यांत यानं काय काय खाल्लंय?” फ्लॅटातली मंडळी पाकिटावरचं नाव वाचून दाखवतात. धनगर कुठल्या गावाच्या शिवारात कुठली मेंढी मेली आणि तिचं कुत्र्यानं काय खाल्लं, ते सांगतो.