कोतवाल बुकातलं एक घर

पुण्यात नवीन असताना रूमपार्टनरच्या घरी एक जाडजूड 'कुलवृत्तांत' पाहिला होता. कितवा पुरुष कोणत्या साली कोकणातून निघाला, कोण बडोद्याला गेला, कोण निपुत्रिक वारला, सगळं छापील. मला त्या पुस्तकाचा भयंकर हेवा वाटला होता. आमचं घराणं आजोबांपासून सुरू होतं. त्यांच्या वडिलांचं फक्त नाव माहीत, आणि त्याच्या आधी थेट रामायण.

कुलवृत्तांत नसल्याने आजवर काही अडलं नव्हतं. आता अडलं. काकांची मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला जात वैधता प्रमाणपत्र लागणार आहे. आम्ही माना. गाव ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं. घरात आजपर्यंत कुणीच व्हॅलिडिटी काढलेली नाही, त्यामुळे दाखवायला तयार कागद नाही. मग ठरलं की हे काम घरातल्या 'कंप्यूटरवाल्याने' करायचं. (कंप्यूटरवाल्याने प्रिंटरही दुरुस्त करायचा असतो, लग्नाच्या पत्रिकाही करायच्या असतात, हे तुमच्यापैकी बर्‍याच जणांना वेगळं सांगायला नको.)

ज्यांना या भानगडीत पडावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला ६ सप्टेंबर १९५० ला. त्यामुळे त्याच्या आधीचा, वडिलांच्या बाजूचा, जात लिहिलेला सरकारी कागद सगळ्यात वजनदार पुरावा ठरतो. राज्याचा जात पडताळणीचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे आणि त्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणार्‍यावर आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने आपला खापरपणजोबा कोण होता हे सिद्ध करायचं. खापरपणजोबा शाळेत गेलेला नाही, त्याच्या नावावर शेत नाही, तो कधी कोर्टात गेला नाही. मग त्याचं नाव कुठल्या कागदावर असणार?

इथे कोतवाल बुक येतं.

इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत केला, आणि चांदा जिल्ह्याचा पहिला मोठा बंदोबस्त डेप्युटी कमिशनर लूसी स्मिथने केला. त्याचा अहवाल १८६९ चा. त्या बंदोबस्ताच्या मिसलीत शेतं आहेत, मालगुजार आहेत, कुळं आहेत. पण बिनजमिनीचा माणूस तिथे सापडणं कठीण. तो सापडतो गावच्या कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत. कोतवाल ठराविक दिवसांनी पोलीस ठाण्यावर जाऊन गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी द्यायचा. त्याला स्वतःला बहुतेक लिहिता येत नसायचं, म्हणून पटवारी, मास्तर, जो हाती लागेल तो लिहायचा. रकाने साधे: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यूच्या पानावर वय आणि कारण. कारणंही ठरलेली. ताप, हगवण, पटकी, देवी, साप. काहीच जमलं नाही तर ताप.

आमच्या ऑफिसच्या टेक्सास टीममध्ये एक मुलगी आहे, तिचं घराणं मूळचं मेक्सिकोतल्या साकातेकासचं. गेल्या वर्षी एका कॉलवर तिने सांगितलं की तिने आठ पिढ्या शोधल्या, घरी सोफ्यावर बसून. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या प्रत्येक पॅरिशला सक्तीच्या केल्या, त्या स्पॅनिश राजवटीबरोबर मेक्सिकोत पोचल्या, आणि आज त्यातल्या बर्‍याचशा 'फॅमिलीसर्च'वर फुकट बघता येतात. आपल्याकडे गोव्यातल्या मित्रांना हे नवीन नाही, त्यांच्या चर्चमध्येही अशाच वह्या आहेत. आमच्या वर्दीत आईचं नाव नाही. तिच्या पाद्रीने आई, आजी, आजोबा, बाप्तिस्म्याचे मायबाप, सगळे लिहिलेत. बाई, इतका डेटा मिळाला असता तर मी दुपारच्या जेवणाआधी घरी गेलो असतो!

पण तिने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. पाद्री प्रत्येकाची जातही लिहायचा. एस्पान्योल, इंदिओ, मेस्तिसो, मुलातो. आणि एकच माणूस बाप्तिस्म्याच्या वेळी एक असायचा, लग्नाच्या वेळी दुसरा. लिहिणारा बदलला की जात बदलायची. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८२२ मध्ये हुकूम निघाला की यापुढे असं लिहू नका, तेव्हापासून तो रकाना हळूहळू संपला. तिच्यासाठी ती मजेदार माहिती होती. ही गोष्ट आपल्याच गळ्यात पडणार आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन सुट्ट्या टाकून गेलो. पुणे ते नागपूर, तिथून बसने ब्रह्मपुरी. ज्या अभिलेखागारात वह्या होत्या त्याचं नाव घेत नाही. एवढंच सांगतो की पहिल्या दिवशी 'तो बस्ताच नाही' हे उत्तर मिळालं आणि दुसर्‍या दिवशी तोच बस्ता एका टेबलाचा पाय सरळ ठेवण्याच्या कामी आलेला सापडला. लाल कापड, आत वाळवीने कोपरे खाल्लेल्या वह्या. आमच्या गावची सगळ्यात जुनी १९०७ ची. काही पानं मोडीत, बरीचशी बाळबोध. मोडी वाचायला तिथेच बाहेर एक म्हातारे गृहस्थ बसतात, पानामागे पैसे घेतात. पुण्यातल्या कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा प्रामाणिक माणूस.

वाचायला बसल्यावर कळलं की जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नाही! 'अमुक, जात माना, मुलगा.' बस. तारखेवरून ताडायचं. वर आडनाव नाही, आणि एकाच नावाचे चारचार बाप. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की नाही, आणि अर्धे कॉलम रिकामे. म्हणून मी जे कळतं ते केलं. फक्त आमचं घर न शोधता सगळ्या गावाची वही एक्सेलमध्ये उतरवली. तारीख, बाप, जात, मुलगा-मुलगी, कारण, आणि एक जादा कॉलम: अक्षर. म्हणजे ही ओळ कोणत्या हाताने लिहिली आहे. अ, ब, क, ड.

तुम्हाला आमच्याकडची नावं माहीत असतील. कवडू, दगडू, धोंडू, उकंडा. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याला असलं टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे वाईट नजर त्याच्याकडे वळत नाही. कवडीला विकलेला तो कवडू, उकिरड्यावर टाकलेला तो उकंडा. माझ्या पणजोबांचं नाव यातलंच एक होतं. कोणतं ते लिहीत नाही, गावची मंडळी वाचतात. लहानपणी ते नाव ऐकून आम्ही भावंडं खोखो हसायचो, शाळेत कुणाला कळू नये म्हणून जपायचो.

वहीत ते असं आहे. १९०७, मुलगा. १९०८, त्याच बापाचा मुलगा, वय नऊ महिने, ताप. १९०९, मुलगी. त्याच महिन्यात, मुलगी, वय पंधरा दिवस, ताप. १९११, मुलगा. त्या मुलाची मृत्यूची नोंद पुढे कुठेच नाही. ते पणजोबा. चार ओळी आधीच्या आणि मग ही एक, शंभर वर्षं बंद पडलेल्या बस्त्यात. मी बाहेर जाऊन दोन चहा प्यायलो.

मग १९१८ आला. आपण कोविडमध्ये त्या वर्षाच्या इन्फ्लुएन्झाबद्दल भरपूर वाचलं. मध्य प्रांत आणि वर्‍हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त तडाखा बसलेल्या भागांपैकी होता. आमच्या वहीत तोवर महिन्याला एखाददुसरा मृत्यू. ऑक्टोबर १९१८ मध्ये पानामागून पान. कारण एकच, ताप. पुढेपुढे लिहिणार्‍याने तेही लिहायचं सोडून नुसत्या खाली रेघा ओढल्यात. त्यात एक नोंद पणजोबांच्या वडिलांची. वय पस्तीस. मुलगा तेव्हा सात वर्षांचा.

आणि जातीच्या रकान्यात: 'माना कुणबी'.

जन्माच्या तिन्ही नोंदी 'माना', आणि मरताना 'माना कुणबी'. हे दोन शब्द म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. राज्याच्या यादीत माना हे नाव गोंडांबरोबर एकाच क्रमांकात, अठराव्या, आहे. त्यावरून बरीच वर्षं वाद चालला की यादीतले माना म्हणजे गोंडांची पोटजमात फक्त, बाकीचे माना त्यात नाहीत. प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये निकाल लागला की माना ही स्वतंत्र जमात म्हणूनच यादीत आहे. तरीही कागदावर मागे 'कुणबी' लागलं की प्रश्न विचारले जातात. काका म्हणाले, ती नक्कल काढूच नको. चार चांगल्या नोंदी असताना वाईट एक कशाला दाखवायची?

मला ते पटलं नाही. एक तर लपवायचं म्हटलं तर दक्षता पथक तीच वही उघडणार. आणि दुसरं म्हणजे तो एक्सेलमधला अक्षराचा कॉलम. फिल्टर लावला. ऑक्टोबर १९१८ पासून अकरा महिने 'क' हाताचं अक्षर आहे, आणि या अकरा महिन्यांत गावातला प्रत्येक माना 'माना कुणबी' आहे. एकही अपवाद नाही. १९१९ च्या सप्टेंबरात 'ड' आला, आणि सगळं गाव परत माना झालं. आमच्या खापरपणजोबाची जात बदलली नव्हती, लिहिणारा बदलला होता. अर्जाबरोबर ती नक्कल जोडली आहे, आणि तिच्या मागेपुढे त्या काळातल्या बाकीच्या मानांच्या नोंदींच्या नकलाही. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

आता नदीचं सांगायचं राहिलं. बाप गेल्यावर पणजोबा वैनगंगेपलीकडे, गडचिरोली तहसिलातल्या मामाकडे वाढले, आणि मोठे झाल्यावर परत अलीकडे आले. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत जमातींच्या यादीला क्षेत्राचं बंधन होतं. चांदा जिल्ह्यातले फक्त गडचिरोली आणि सिरोंचा हे तहसील त्यात. म्हणजे डोंग्यात बसून पलीकडे गेलं की आदिवासी, आणि परत आलं की नाही. मामाची नातवंडं आणि आमचे आजोबा एकाच ताटात जेवलेले, पण यादी नदीवर थांबायची. पणजोबा तिकडेच राहिले असते तर आमच्या घरात दाखले एक पिढी आधी आले असते. ते परत का आले, असं मी आजीला विचारलं.

आजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, त्या पिढीतली एवढीच उरली आहे. ती म्हणाली, "घर इथं होतं ना बाप्पा." मग म्हणाली, "तो कवाचा गेला, आता त्याले कायले उकरून काढता?"

तिला सांगितलं की तूही आहेस वहीत. '७ नोव्हेंबर १९३४, जात माना, मुलगी.' तिच्या आधारकार्डावर १ जानेवारी आहे, कुणीतरी अंदाजाने टाकलेली. तिने तारीख दोनदा म्हणवून घेतली आणि विचारलं, वार कोणता होता? मोबाइलवर पाहिलं. बुधवार, आणि दिवाळीची अमावस्या.

"माय सांगेच," ती म्हणाली, "दिवे लावले होते म्हणून." मग कागदावर लिहून दे म्हणाली, मोठ्या अक्षरात.