सोडलेला मासा कुणाचा?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर राग सिस्टरांवर काढावा, माझ्यावर नको. विषय आहे मासे. पण खायचे नव्हे, हातात आल्यावर परत पाण्यात सोडायचे मासे!

माझं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नाव ऐकून लोकांना एखादा किल्ला वगैरे आठवतो. प्रत्यक्षात आमच्याकडे बघण्यासारखं म्हणजे केळीच्या बागा. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं या भागात येतं, त्यावर केळी आणि ऊस. आणि जिथे पाणी, तिथे गळ टाकून बसलेला एक तरी माणूस असतोच. आमच्या घरातला हा माणूस म्हणजे माझे काका.

काकांचं सामान साधं. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, तरंगायला भेंडाचा तुकडा आणि गळाला गांडूळ. मन मात्र मरळीवर. मरळ म्हणजे लांबट, सापासारख्या डोक्याची, शेवाळात दबा धरून बसणारी आणि समोरून जाणारा मासा-बेडूक गिळणारी शिकारी. पण हीच मरळ पावसाळ्यात पिल्लं झाली की त्यांच्यावर पहारा देते. तांबूस पिल्लांचा गोळा पाण्यावर खळबळत असतो आणि खाली नर-मादी राखण करत फिरत असतात. तिला धरायची सगळ्यात सोपी वेळ हीच, कारण ती जागा सोडून जात नाही. आणि नेमकी तेव्हाच काका तिला धरत नाहीत. का, विचारलं तर एवढंच म्हणतात, "लेकुरवाळीला हात लावत नसतेत."

हा काकांचा कायदा. आता परदेशातला कायदा ऐका.

काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, नोकरीसाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. तिथे हजारो तळी, आणि हिवाळ्यात ती गोठली की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. दादाला बापाचा छंद तिथे जाऊन लागला. तिथला शिकारी मासा म्हणजे नॉर्दर्न पाइक. काकांना आधी वाटलं पोरगं कुणाचा तरी पाईक झालं! खरं तर इंग्रजीत पाइक म्हणजे भालासुद्धा. मासा दिसतो तसाच, लांब आणि टोकदार, बदकासारखं तोंड. वागणूक मात्र अगदी आमच्या मरळीची, दबा धरून झडप घालणारी.

एकदा दादाने व्हिडिओ कॉलवर चांगला दोन फुटी पाइक दाखवला, पट्टीवर मोजला आणि परत पाण्यात सोडून दिला. इकडे काका खाटेवरून उठून बसले. "सोडलास काहून रे? येडा झालास का?" दादा म्हणाला, "बाबा, नियम आहे. बावीस ते सव्वीस इंचातला सोडावा लागतो." काका म्हणाले, "तू सोडला, बाजूचा नेईल की!"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मग मी त्या नियमाच्या मागेच लागलो. (सबमिशनच्या आठवड्यात माणसाला अशीच कामं सुचतात.)

मिनेसोटात आधी बहुतेक सगळीकडे एकच नियम होता : तीन पाइक, त्यातला एकच ३० इंचांहून मोठा. २०१८ साली तो बदलून राज्याचे तीन विभाग केले. दक्षिणेकडे पाइकची पैदास कमी, म्हणून दोनच मासे आणि तेही २४ इंचांच्या वरचे. ईशान्येला, कॅनडाच्या सीमेकडे, मोठे मासे अजून शिल्लक होते, म्हणून दोन मासे, ३० ते ४० इंचांतले सगळे सोडायचे आणि ४० च्या वरचा एकच न्यायचा. मधल्या-उत्तरेच्या भागात उलटीच गंमत झाली होती. लोकांनी वर्षानुवर्षं मोठे पाइक नेले आणि तळी बारक्या पाइकांनी भरून गेली. म्हणून तिथे दहा पाइक न्यायला परवानगी, पण २२ ते २६ इंचांतला सोडायचा आणि २६ च्या वरचे दोनच. म्हणजे बारके खुशाल न्या, मधल्यांना मोठं होऊ द्या.

कागदावर हे आपल्या डिझाइनच्या प्रॉब्लेमइतकं सुंदर दिसतं. पण मासे कागदावर नसतात आणि माणसंही नसतात.

पहिली अडचण काट्यांची. पाइकच्या मांसात दोन फाटे असलेले बारीक काटे असतात, त्यामुळे लहान पाइक खायला लोक नाखूश. दहा नेता येतात म्हणून दहा कोण नेणार? म्हणून काटे कसे काढायचे हे लोकांना शिकवावं लागलं, आणि तिकडे बारक्या पाइकचं व्हिनेगरमधलं लोणचं घालतात, त्यात काटे मऊ पडतात. हे ऐकल्यावर काकांचं अमेरिकेबद्दलचं मत थोडं सुधारलं.

दुसरी अडचण भाल्याची. तिकडे काही लोक बर्फावर अंधारी खोपी उभारतात, भोकातून नकली मासा हलवत ठेवतात आणि खरा पाइक खाली आला की भाला मारतात. आता गळाला लागलेला मासा मोजून सोडता येतो. भाला लागलेला कसा सोडणार? पाण्यातल्या माशाची लांबी वरून अंदाजानं ठरवायची, इंच-दोन इंच चुकलं की गुन्हा. भालेवाल्यांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. शेवटी त्या मधल्या-उत्तरेच्या भागात त्यांना मधल्या मापाचा एक मासा चालेल अशी सवलत मिळाली. नियम पाळायची इच्छा असून भागत नाही, हातातल्या हत्याराला तो पाळता आला पाहिजे.

हे मी माझ्या रूममेटला सांगितलं. तो पालघरकडचा, घरची बोट. तो म्हणाला, "यात नवीन काय? आमच्याकडे तेच आहे." २०२३ मध्ये महाराष्ट्राने समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. रूममेट म्हणतो, "पण जाळं वर येतं तेव्हा बारकं पापलेट मेलेलंच असतं. ते परत टाकलं तर कावळ्यांचा फायदा." म्हणून जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढं असावं हा नियम जास्त कामाचा. बारकं पिल्लू जिवंत असतानाच निसटतं.

पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पावसाळ्यातली मासेमारी बंदी आपल्याकडे अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी राहिली आहे. त्याआधी ती १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यातलं जे आधी येईल तोपर्यंत असायची. त्याच्याकडच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदी कमी करा म्हटलं असेल असं मला वाटलं. उलट! ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी त्यांनी केली आहे. कारण १ ऑगस्टला समुद्रात गेलेल्या जाळ्यात पापलेटची पिल्लं येतात. मग तुम्ही स्वतःच उशिरा का जात नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आम्ही थांबलो तर बाकीचे थांबतील का?"

म्हणजे डोंगरकड्याच्या काकांचं वाक्य पालघरच्या समुद्रावर जसंच्या तसं! नियम नको असं फार थोडे म्हणतात. नियम पाळणारा आपण एकटेच ठरू नये, एवढीच प्रत्येकाची भीती. आपल्या हॉस्टेलच्या गरम पाण्याचं काय होतं? नंतर उरणार नाही म्हणून पहिला दोन बादल्या भरतो, आणि पहिल्याने दोन भरल्या म्हणूनच नंतर उरत नाही.

त्यात मासा हा प्रकार फार उशिरा उत्तर देणारा. कंट्रोल सिस्टिममध्ये आपण डिले शिकतो ना, तसं. आज सोडलेला बावीस इंची पाइक मोठा व्हायला काही वर्षं लागतात. एका सीझनमध्ये फरक दिसला नाही की लोक म्हणतात, नियम फालतू!

आता हे सगळं मी का लिहितोय ते सांगतो. गेल्या दिवाळीत गावातला लहानपणचा मित्र घरी आला. म्हणाला, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? बॅटरीवर चालणारा करंट बनवून दे. नाल्यात टाकला की मासे आपोआप वर येतेत." मी नाही म्हटलं. माणूस मरायची भीती आहेच, पण करंटला लहान-मोठं कळत नाही. लेकुरवाळी आणि तिची पिल्लं एकाच झटक्यात. पाण्यात सुरुंग आणि विष वापरायला इंग्रजांनी १८९७ च्याच कायद्याने मनाई केली होती, आणि करंट त्यांचाच धाकटा भाऊ. मित्र म्हणाला, "शिकून काय उपयोग तुझा?" तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू नाही दिला तर दुसरा कोणी बनवून देईल की." मी म्हटलं, "काका, मग तुम्ही लेकुरवाळी काहून सोडता? तीही दुसरा नेतोच की." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्याचं मला माहीत नाही."

मोठ्या तलावात ठेका घेतलेली मच्छीमार संस्था बोटुकली विकत आणून सोडते, कारण रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. तो मासा संस्थेचा, हिशेब सरळ आहे. पण मरळ नाल्यात आपली आपणच वाढते. काकांनी सोडलेली मरळ कुणाची? काकांची नाही, माझी नाही, आणि त्या मित्राची तर अजिबात नाही. ती त्या पिल्लांची आहे, निदान पावसाळाभर तरी.

तेव्हा इलेक्ट्रिकलच्या दोस्तांनो, सुट्टीत गावाकडे कुणी असला करंट मागितला तर नाही म्हणा. आपल्यातल्या सगळ्यांनीच नाही म्हटलं तर "दुसरा कोणी" सापडायला जरा अवघड जाईल. या जुलैत मी घरी आहे. नाल्यावर पिल्लांचे किती गोळे दिसतात ते काकांबरोबर मोजणार आहे आणि आकडा पुढच्या अंकात देईन. संपादकांनी जागा ठेवावी.