वळणाचा दिवा

मोटारसायकल आपल्या मालकीची असते. पण तिच्यावरील बरेचसे दिवे मालकाकरिता नसतात. पुढचा मोठा दिवा आपणांस रस्ता दाखवितो हे खरे. परंतु मागचा तांबडा दिवा आणि दोन्ही अंगांचे पिवळे दिवे बसल्या जागेवरून आपणांस धड दिसतही नाहीत. ते पाहतो तो मागून किंवा समोरून येणारा अनोळखी मनुष्य. गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या बुलेटचे दिवे बदलताना ही साधी गोष्ट आम्हांस विशेषत्वाने जाणवली. तीच आज वाचकांपुढे मांडावी असे मनात आहे.

आमचे वास्तव्य बडोद्यास, दांडिया बाजारात. गायकवाडांच्या राज्यामुळे या गावात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांतलेच आमचे एक. बुलेट आम्ही १९९४ साली घेतली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची ती गाडी. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, मोठ्या दिव्याच्या वर डोळ्यांसारखे दोन चिमुकले दिवे, आणि विजेची आवक-जावक दाखविणारा एक काटा. वळणाचा दिवा लावला की तो काटा दिव्याच्या लुकलुकण्याबरोबर डोलू लागतो. इतकी वर्षे आम्ही ती वापरली. आता ती चिरंजीवाच्या हाती आहे.

चिरंजीव वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला म्हणजे तो मध्यरात्र उलटल्यावर निघतो. वाघोडिया म्हणजे शहरापासून सुमारे वीस किलोमीटर. वाटेत अंधाराचे पट्टे लागतात. कपाशीने भरलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अकस्मात पुढ्यात येते. कधी शेतातून नीलगाय आडवी जाते. हिवाळ्यात धुके उतरते. बुलेटची ओळखीची धडधड गल्लीच्या तोंडाशी ऐकू येईपर्यंत त्याच्या आईचा डोळा लागत नाही. तेव्हा दिव्यांचा हा प्रश्न आमच्या घरी हौसेचा नव्हता.

गाडीचे दिवे खरोखरच म्हातारे झाले होते. मोठ्या दिव्याचा प्रकाश काजळलेल्या कंदिलासारखा पडे. वळणाचे दिवे कधी लागत, कधी लागत नसत. लागले तरी दिवसाउजेडी ते पेटले आहेत की नाही हे हात आडवा धरून पाहावे लागे. चिरंजीव म्हणाला, “बाबा, पुढे दोन पांढरे एलईडी दिवे जोडून टाकू. सगळेच जोडतात. अंधार कसा तो राहणारच नाही.” आम्ही म्हटले, “आधी मिस्त्रींस दाखवू, मग ठरवू.”

आमचे मिस्त्री वयोवृद्ध आणि मितभाषी. त्यांनी प्रथम हात घातला तो वळणाच्या दिव्यांस. जुन्या गाडीत फ्लॅशर नावाची एक लहानशी डबी असते. तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. दिव्यांकडे जाणारी वीज त्या पट्टीस तापविते. तापली की ती वाकते आणि वाट तोडते. निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. दिव्याची उघडझाप होते ती अशी. आमच्या गाडीस प्रत्येक अंगास दहा-दहा वॅटचे दोन गोळे होते. त्या वीस वॅटच्या ओझ्यावर ती पट्टी तापावी अशी तिची घडण. त्यांच्या जागी नुसते एलईडी गोळे बसविले, तर ते इतकी थोडी वीज खातात की पट्टी तापतच नाही. दिवा एकदा लागतो तो लागूनच राहतो. मिस्त्री एवढेच म्हणाले, “लोड ओछो छे.” ओझे कमी आहे! म्हणून गोळ्यांबरोबर फ्लॅशरही बदलावा लागतो. ओझे कितीही असो, ठरल्या गतीने उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो, तो त्यांनी बसविला. मिनिटास साठ ते एकशेवीस वेळा उघडझाप ही त्याची योग्य गती. तीहून संथ असेल तर मागच्यास इशारा वेळेवर कळत नाही.

आणखी एक खोच अशी की जुन्या गाडीत दोन्ही बाजूंकरिता चालकासमोर पुष्कळदा एकच खुणेचा दिवा असतो. एलईडी बसविल्यावर त्या दिव्यातून वीज पलीकडे झिरपते आणि एका बाजूस वळताना चारही दिवे लुकलुकू लागतात. वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड जोडून मिस्त्रींनी हा घोटाळा टाळला. नवा फ्लॅशर जुन्यासारखा टिकटिक करीत नाही, म्हणून एक बारीक बझरही जोडून दिला. कारण मोटारीतल्याप्रमाणे हा दिवा वळण संपल्यावर आपोआप विझत नाही.

हा बझर आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. वळणाचा दिवा हा अनोळखी मनुष्यास दिलेला शब्द आहे. “मी उजवीकडे जाणार, तू सांभाळ,” एवढेच तो सांगतो. वळण संपल्यावरही तो तसाच लुकलुकत राहिला तर तो शब्द खोटा होतो, आणि त्यावर विसंबलेला मनुष्य फसतो. पूर्वी उजवा हात लांब करून हा शब्द देत. परंतु मोटारसायकलीचा वेग त्याच हाताच्या मुठीत असतो, त्यामुळे इशारा देताना गाडीवरचा एक हात सुटे. अमेरिकेत ब्यूइक मोटारींवर १९३९ साली लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसून येऊ लागले. पुढे दुचाकीवरही ते आले आणि तो हात मोकळा झाला.

मग मोठ्या दिव्याची पाळी आली. मिस्त्रींनी काच उघडून दाखविली. आतल्या परावर्तकाची चांदी काळवंडली होती, आणि जुन्या तारा व गंजलेले जोड यांच्यात बॅटरीची वीज वाटेतच गळत होती. साध्या तारेच्या गोळ्यास दहा टक्के दाब कमी मिळाला तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे दोष पुष्कळसा गोळ्याचा नव्हे, वाटेचा होता! नवा परावर्तक आणि पस्तीस वॅटचा हॅलोजन गोळा बसविला. बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज व रिले असा थेट मार्ग केला. प्रकाश एकदम दुपटीने वाढल्यासारखा भासला.

तरी चिरंजीवाचे मन पांढऱ्या दिव्यांतच होते. “समोरचे सगळे डोळ्यांवर झोत टाकतात, मी एकट्यानेच मंद दिवा लावून काय साधणार?” असे तो म्हणाला. प्रश्न रास्त होता, आणि आमच्यापाशी त्याचे चटकन उत्तर नव्हते. ते मिस्त्रींनी दिले. दुकानात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची तसल्या दिव्यांची गाडी उभी होती. अंधार पडल्यावर ते दिवे लावून त्यांनी चिरंजीवास समोर उभे केले आणि विचारले, “गाडीमागे माणसे किती?” तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला, “दोन असतील.” आम्ही चौघे होतो. दिवे विझविल्यावरही काही क्षण त्यास आम्ही दिसेनात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास चौदा मीटर कापते. तीन सेकंद मनुष्य आंधळा झाला, तर चाळीस मीटरांवर तो आंधळाच गाडी हाकतो, आणि ती आपल्याच अंगावर येत असते! घरी येताना चिरंजीव पांढऱ्या दिव्यांविषयी काही बोलला नाही.

दोष एलईडीचा नाही. तांबडा एलईडी अमेरिकेत १९६२ साली निक होलोन्याक यांनी केला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा उजेड त्याच निळ्यामुळे शक्य झाला. परंतु तारेच्या गोळ्याकरिता घडविलेल्या परावर्तकात एलईडी बसविला की उजेडाचा उगम योग्य जागी राहत नाही आणि झोत चौफेर विखुरतो. म्हणून आम्ही तो मागच्या व वळणाच्या दिव्यांत घेतला, मोठ्या दिव्यात घेतला नाही.

शेवटी झोत नेमका लावला. गाडी सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, चिरंजीव वर बसला, आणि दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ ओढली. खालचा झोत त्या रेघेच्या थोडा खालीच राहील असा दिवा वाकवून घट्ट केला. ही परीक्षा कोणासही अंगणात करता येईल. पैसा लागत नाही.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो, तोही भर दिवसा. त्याचा हेतू चालकास दिसावे हा नसून चालक इतरांस दिसावा हा आहे. जुन्या गाडीस हा नियम लागू नसला, तरी त्यातील बोध घेण्यास हरकत नाही.

वाघोडियाचा रस्ता आजही तसाच आहे. समोरचे झोत चुकलेले नाहीत. ते आले की वेग कमी करावा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी, एवढेच चालकाच्या हाती असते. आईचे जागणेही संपलेले नाही. परंतु आपला मुलगा कोणास अंधारात लोटून घरी येत नाही, एवढे समाधान आम्हांस आहे. वाचकहो, तुमच्या दारी जुनी गाडी असेल तर पावसाळ्यापूर्वी एकदा तिचे दिवे पाहा. बैलगाडी वा ट्रॉली असेल तर मागे एक तांबडी चकाकणारी पट्टी लावा. तिचा उजेड तुम्हांस दिसणार नाही. पण ज्याला दिसेल, तो त्या रात्री आपल्या घरी पोहोचेल.