घोडा का अडखळला?

भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. या कोड्याची सारी गोडी एका उत्तरात तिघांची सोय लागण्यात आहे, आणि मला हल्ली नेमकी तीच खटकते. भाकरीला न फिरवण्यापलीकडे दुखणे नसते, घोड्याला असते. तरीही घोडा वरचेवर ठेचाळू लागला की मालकापासून मोतद्दारापर्यंत सगळे एकाच उत्तरापाशी थांबतात: वेंधळा आहे, खाली बघून चालत नाही.

हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. भराभर वाढणाऱ्या शिंगराला आपलेच पाय सांभाळता येत नाहीत. सहा-आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बदलली नाही, तर खुराचे टोक वाढते आणि पाऊल उचलताना ते जमिनीत अडते. थकवा असतो, पुढे झुकून बसणारा स्वार असतो. म्हणून आधी नालबंदाला बोलवावे हे बरोबरच. पण भराभर वाढणाऱ्या थरोब्रेड शिंगरातच मानेच्या मणक्यांमधली वाट अरुंद होऊन मज्जारज्जू दाबला जाण्याचा आजारही आढळतो. म्हणजे वयाची सबब आणि दुखणे एकाच जागी नांदतात. आपल्याकडचा कुमरी हा आजार तर याहून फसवा. गुरांच्या पोटाच्या पोकळीत सेटारिया नावाचा जंत फारसा उपद्रव न करता राहतो. डासांमार्फत त्याच्या अळ्या घोड्यात गेल्या आणि मज्जारज्जूत भरकटल्या की घोड्याचा मागचा भाग लुळा पडू लागतो. गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा या आजारातही मागचे पाय डगमगतात. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान इथे ओळखला.

मग फरक ओळखावा कसा? पशुवैद्य एक खूण सांगतात: लंगडणारा घोडा नियमाने चुकतो, मज्जासंस्था बिघडलेला घोडा कसाही चुकतो. दुखऱ्या पायावर भार येताना मान दर पावलाला तशीच हलते. मज्जारज्जूच्या आजारात मात्र एक पाऊल फाकते, पुढचे ठीक पडते, तिसरे दुसऱ्या पायावर येते, कारण पाय कुठे आहे हे घोड्यालाच नीट कळत नसते. घोड्याला अगदी लहान वर्तुळात वळवावे, मागे चालवावे, मान उंच धरून उतारावर न्यावे, चालताना शेपूट हलकेच बाजूला ओढून तो तोल सावरतो का ते पाहावे. बाहेरचा मागचा पाय वळताना रुंद फेकला जातो का, आणि मागच्या खुरांचे टोक घासले आहे का, हेही पाहावे.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक ठेचेला आजार मानले तर माथेरानच्या लाल मातीच्या चढउतारावर पर्यटकांना फिरवून पोट भरणाऱ्याने करायचे काय? दिवसभर घोडा बांधून ठेवला तर संध्याकाळची चूल कशी पेटणार? हा आक्षेप मला झटकता येत नाही. पण मज्जारज्जू बिघडलेला घोडा पडतो तेव्हा पाठीवरच्या माणसासकट पडतो, आणि तो माणूस कित्येकदा लहान मूल असतो. शिवाय वेंधळा ठरलेल्या घोड्याला लगाम खेचून, टाच मारून सुधारू पाहतात. ज्याला आपला पाय कुठे आहे हेच कळत नाही, त्याला ती शिक्षा कशासाठी, हे कसे कळावे?

कोड्याला दोष देताना एक गोष्ट मात्र नाकारता येत नाही: ते निदान ‘का’ विचारते. घोडा अडला तर चूक फिरवणाऱ्याची, असे ते गृहीत धरते आणि घोड्याला बोल लावत नाही. वेंधळेपणाचा शिक्का यातले काहीच करत नाही. म्हणजे कोड्याचे उत्तर अपुरे असले तरी त्याचा रोख आपल्यापेक्षा न्यायाचा होता. मात्र तो रोख धरून जास्त फिरवावे, तर कुमरीच्या घोड्याला आपणच पाडतो. आणि अजिबात फिरवू नये, तर सांधे आखडून निरोगी घोडाही अडखळेल.

नियमाने चुकणे आणि कसेही चुकणे ही कसोटी मला भक्कम वाटली होती. पण खुरात दुखणे आणि मानेत दाब, दोन्ही एकाच घोड्यात असू शकतात. सौम्य आजार तर सकाळी ताज्या घोड्यात दिसतही नाही. तो दिसतो दमल्यावर, संध्याकाळच्या उतारावर, आणि नेमक्या त्याच वेळी निरोगी घोडाही ठेचाळतो.